बिंती वागिमान

सेला वाचायला शिकली ती शाळेत नव्हे, विजेच्या खांबांवर. जावातल्या आमच्या क्लातेनमध्ये असा एक खांब दाखवा, ज्यावर तिच्या बापाचं नाव नाही! ‘संडासाची टाकी उपसून मिळेल. वागिमान. कधीही बोलवा.’ खाली फोन नंबर. पिवळा कागद, काळी ठसठशीत अक्षरं. सुट्टीच्या दिवशी बाप मोटरसायकल काढायचा, ही पुढे बसलेली, मांडीवर खळीचा डबा. हिने ब्रश फिरवायचा, त्याने कागद डकवायचा आणि मग हिच्याकडून वाचून घ्यायचं.

“काय लिहिलंय, न्दुक?”

“वा… गि… मान.”

“कोण गं हा?”

“माझा बापाक!” ती एवढ्या जोरात ओरडायची की शेजारच्या टपरीवरचा टेंपेच्या सोयावड्या तळणारा मागे वळून बघायचा. निवडणुकीला उभे राहणाऱ्यांची तोंडंसुद्धा मतदान झालं की भिंतीवरून फाटून जातात, हिच्या बापाचं नाव मात्र ऊनपावसात कायम. तिला खरंच वाटायचं की हे गाव बापाच्या मालकीचं आहे आणि म्हणूनच तो जागोजागी नाव लावत फिरतो.

वागे या वाराच्या बाजाराला जन्मला म्हणून वागिमान. त्या पिढीत नाव ठेवायला कुणी डोकं शिणवत नसे. बाजाराचा वार बघायचा की झालं बारसं. लेकीच्या वेळी मात्र या गड्याने टीव्हीवरच्या परदेशी मालिकेतली नायिकाच उचलून घरी आणली. मारिसेला! मारिसेला एका वुलानदारी. स्वतःला ते नीट म्हणता येईना म्हणून हाक मारायला ‘सेला’, आणि जीव भरून आला की ‘न्दुक’. आपल्या पोटच्या पोरीला जावानी बाप हाक मारतो ती ही. सेलाची आई तैवानला म्हाताऱ्याकोताऱ्यांची सेवा करायला गेली ती तिकडचीच झाली. आधी रोज फोन, मग ईदेला फोन, मग तोही नाही. तेव्हा घरात दोघंच. बाप संध्याकाळी टाकी उपसायची गाडी धुवायचा, मग लिंबाची पानं चोळून चोळून स्वतःला धुवायचा, आणि मगच लेकीच्या ताटात भात वाढायचा.

आमच्या जावानी भाषेला दोन तोंडं आहेत. एक घरचं, अरे-तुरेचं. दुसरं अदबीचं. अदबीच्या बोलीत जेवणाला शब्द वेगळा, झोपेला वेगळा, अहो, थोरामोठ्यांचा पायसुद्धा वेगळा आणि आपला वेगळा. धाकट्याने थोराशी अदबीने बोलायचं आणि थोराने धाकट्याशी घरच्या बोलीत, ही रीत. सेलाच्या पिढीला काही ती पेलली नाही. ही लहानपणी हौसेने बोलायला जायची आणि हमखास उलटं करायची, मानाचे शब्द नेमके स्वतःला लावायची. “बापाक, आम्ही भोजनास विराजमान झालो आहोत, तू गीळ.” वागिमान पोट धरधरून हसायचा. “अगं न्दुक, राणी झालीस काय? मान दुसऱ्याला द्यायचा असतो, आपण घ्यायचा नसतो. म्हण परत.” ती परत म्हणायची, परत चुकायची, आणि तो परत हसायचा.

एकाच माणसाशी वागिमान उलट्या रीतीने बोलायचा. त्याचा सख्खा धाकटा भाऊ सुकीर. सुकीरने नवं घर बांधलं, कार्याला पाहुणे बोलावले. वागिमान काम आटोपून, अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून गेला. कुणा बड्या पाहुण्याने विचारलं, हे कोण? सुकीर म्हणाला, “आमच्या ओळखीचे आहेत, टाकी उपसतात.” बस्स. वागिमान भांडला नाही, जेवण अर्धवट टाकून उठलासुद्धा नाही. दुसऱ्या दिवसापासून तो सख्ख्या भावाशी अहो-जाहो करू लागला. दर ईदेला सुकीर यायचा, रडायचा, “दादा, एकदा मला अरे म्हण.” आणि वागिमान हात जोडून म्हणायचा, “असं कसं? आपण मोठ्या घरचे. चहा घ्यावा, निवतोय.” सेला दाराआडून हे ऐकायची. काकाला एवढं रडू का येतं ते तिला कळायचं नाही. बापाक तर किती गोड बोलतोय!

मग सेला मोठ्या शाळेत गेली आणि तिथे तिचं नाव गेलं.

आमच्याकडच्या शाळांत पोरांचा एक खेळ पिढ्यान् पिढ्या चालत आलाय. वर्गातल्याच्या बापाचं नाव हुडकून काढायचं आणि मग त्याला त्याच नावाने हाका मारायच्या. बापाचं नाव जितकं गावंढळ, तितकी मजा जास्त. इतरांच्या बापाचं नाव काढायला दप्तरं उचकावी लागायची, प्रगतिपुस्तकावरची सही तपासावी लागायची. सेलाच्या बापाचं नाव शाळेच्या फाटकासमोर खांबावर होतं, फोन नंबरासकट! फेब्री नावाचं एक पोर होतं, टोळीचा म्होरक्या. त्याने तो कागद अलगद सोलून काढला आणि मधल्या सुट्टीत सेलाच्या पाठीवर चिकटवला. ती दिवसभर तशीच हिंडली. मास्तरसुद्धा तोंड फिरवून हसले.

घरी आल्यावर बापाने पाहिलं. त्याला वाटलं, पोरीने कौतुकाने लावून घेतलंय. “अगं न्दुक, तू तर चालताबोलता खांब झालीस की गं!” तो म्हणाला, आणि हसत हसत त्याने तो कागद हळूच काढला, गणवेशाला डाग पडू नये म्हणून.  

त्या दिवसापासून ती ‘वागिमान संडास’. मग नुसतंच ‘संडास’. “ए संडास, गृहपाठ दे.” “संडास आली रे, नाक धरा.” ती शाळेच्या संडासात जाऊन रडायची तर बाहेरून आवाज यायचा, “आपल्या माहेरी गेली!” रडली की जास्त, चिडली की त्याहून जास्त. मांजराचा खेळ होतो आणि उंदराचा जीव जातो, पण मांजराला हे कोण सांगणार?

सांगितलं ते एकानेच, आणि तेही मांजराला नाही, उंदरालाच. अर्दान नावाचा मुलगा होता, गोरागोमटा, बँकेतल्या साहेबाचा. त्याच्या घरी सगळे इंडोनेशियन बोलत. जावानी फक्त मोलकरणीशी. तो तिला म्हणाला, “तूपण हस ना. आपणच आधी हसलं की लोकांची गंमत जाते.” दुसऱ्या दिवशी फेब्रीने हाक मारली, “ए संडास!” आणि सेला त्याच्याआधी खदखदून हसली. म्हणाली, “बोला, कुठली टाकी भरली?” टोळीच्या टाळ्या पडल्या. फेब्रीने तिला आपल्या बाकावर जागा दिली. झालं! सेला टोळीत आली. जागेचं भाडं एवढंच, की रोज आपणच आपल्या बापावर पहिलं हसायचं.

ते हसणं तिच्या असं काही अंगवळणी पडलं की विचारू नका. तोंडावर हात, खांदे हलताहेत, डोळे मिटलेले. फक्त ते तिने कधी घरी नेलं नाही. घरी बापाची न्दुक, बाहेर टोळीची संडास. या दोघींची कधी गाठ पडू नये याची तिने एवढी काळजी घेतली की बाप शाळेत बक्षीस समारंभाला यायला निघाला तर तिला ताप यायचा.

दिवस गेले. सेला जवळच्या जोगजा शहरात एका त्वचेच्या दवाखान्यात लागली, पुढच्या टेबलावर. तिथे काचेसारखे गाल असलेल्या मुली लागतात, आणि हिने गाल तसे करून घेतले होते. फोनवर तिचं खातं होतं, ‘सेला वुलान’. त्यावर कॉफी, डोंगर, समुद्र, केसांतून येणारं ऊन. बाप नाही. दोन दिवसांची सुट्टी काढून डोंगरावर जायचं त्याला ही मंडळी ‘मनाला बरं करणं’ म्हणत. वागिमानने एकदा ऐकलं आणि काळजीने विचारलं, “न्दुक, मनाला काय झालंय तुझ्या?”

अर्दानने बापाच्या जिवावर क्लातेनमध्ये कॉफीचं दुकान थाटलं होतं. पांढऱ्या भिंती, सिमेंटचे बाक, बसलं की कंबर मोडावी असे. टोळी रोज तिथेच. फेब्री आता लग्नांचे व्हिडिओ काढायचा, विंडी नावाची मैत्रीण लोकांच्या पापण्या लावून द्यायची. सगळ्यांची वयं वाढली, टोळीची नाही. सेला अजून ‘संडास’च. अर्दानचं आणि तिचं जुळलं तेव्हा तो लाडात ‘संडू’ म्हणायला लागला. आणि तिला ते गोड वाटायचं, हो! सवय काय काय गोड करून देते बघा.

लग्न ठरलं. आणि तिथेच सेला अडली. निकाहाला वधूचं नाव एकटं चालत नाही. अमकी बिंती तमका, म्हणजे तमक्याची लेक अमकी, असं बापाच्या नावासकट नवऱ्या मुलाला म्हणावं लागतं. तेही ध्वनिक्षेपकावर, भरल्या मांडवात, एका दमात, न अडखळता. आणि त्या वेळी त्याचा हात वधूच्या बापाच्या हातात असतो. बापाने म्हणायचं, देतो. जावयाने म्हणायचं, घेतो; सोबत वधूला द्यायची भेट, ती मेहेर. साक्षीदारांनी म्हणायचं ‘साह’, म्हणजे पक्कं झालं. बाप लाजराबुजरा असला तर तो आपल्या जागी काझीला बोलायला सांगू शकतो. पुष्कळ बाप सांगतात.

सेला खास तेवढ्यासाठी घरी आली. बाप अंगणात रबरी नळी गुंडाळत होता आणि पुटपुटत होता, “माझी पोटची मुलगी मारिसेला एका वुलानदारी हिचा निकाह मी तुमच्याशी… मी तुमच्याशी लावून देत आहे…” त्याची इंडोनेशियन शाळकरी होती, प्रत्येक शब्दाला जावानी ठसका.

“बापाक, ते काझींना म्हणू दे ना. हल्ली सगळे तसंच करतात.”

“का गं?”

“तू अडखळशील. एवढी माणसं असतात. कॅमेरे असतात.”

“नाही अडखळणार. रोज म्हणतोय. टाकी भरेपर्यंत गाडीत बसून दुसरं काय करतो मी?”

“पण उगीच कशाला? तू आपला छान बसून राहा ना. फोटोत चांगला दिसशील.”

वागिमानने नळी खाली ठेवली. पंज्याला पंजा पुसला. “न्दुक,” तो म्हणाला, “तुला जे मागायचं ते माग. कपडे तू सांगशील ते घालतो. टोपी तू सांगशील ती. पण हे माझं मला करू दे. सगळ्या गावाने माझं नाव खांबावर वाचलंय. नाक धरून वाचलंय, मला काय कळत नाही? एकदा कुणालातरी ते तोंडाने नीट म्हणू दे. एवढंच.”

आता यावर एखादी पोर बापाच्या गळ्यात पडली असती. सेला म्हणाली, “बरं. पण नखं नीट काप.”

इकडे कॉफीच्या दुकानात अर्दानची तालीम सुरू झाली. एका दमात म्हणायचं म्हणजे सराव हवा. फेब्री बाप व्हायचा. नाकाला चिमटा लावून, गुडघ्यापर्यंत विजार दुमडून तो अर्दानचा हात धरायचा आणि वागिमानच्या ठसक्यात म्हणायचा, “देतो बाबा माझी पोरगी, मेहेर म्हणून टाकी एक, भरलेली!” आणि अर्दानने म्हणायचं, “मारिसेला एका वुलानदारी बिंती वागिमान संडास हिच्याशी निकाह मला कबूल!” की सगळी टोळी बाकं बडवायची, “साऽऽह!” रोज हेच. कॉफी निवायची, पण यांचं हसू काही निवायचं नाही. सेला फोन धरून हे टिपून घ्यायची. तोंडावर हात, खांदे हलताहेत.

एकदाच ती म्हणाली, “अरे, एकदा तरी बरोबर म्हणा.”

“ऐनवेळी म्हणेन की गं,” अर्दान म्हणाला. “मी काय लहान आहे?”

नाव बरोबर म्हणण्याचा सराव त्याने एकदाही केला नाही. जिभेला काय, ज्या वाटेने रोज न्याल ती तिची वाट.

लग्नाच्या दिवशी मांडवाच्या दाराशी फुलांचे मोठमोठे फलक उभे होते, आमच्याकडे असतात तसे. त्यात एक टोळीचा. शेवंतीच्या फुलांत अक्षरं : ‘अभिनंदन! टाकी भरली की कळवा.’ हल्ली मित्रमंडळी असले विनोदी फलक पाठवतात, लोक त्यांच्यासमोर उभे राहून फोटो काढतात. वागिमान काळी टोपी आणि भाड्याचा कोट घालून आला आणि त्या फलकासमोर थांबला. त्याला वाचायला वेळ लागायचा. शेजारी फेब्री कॅमेरा घेऊन उभा होता.

“हा कुणी पाठवला, बाळ?”

“आम्हीच, पाक,” फेब्री म्हणाला; थोर पुरुषाला म्हणायचं ते ‘पाक’. “गंमत.”

“फुलं ताजी आहेत,” वागिमान म्हणाला आणि आत गेला.

टेबलाच्या एका बाजूला काझी आणि वागिमान, समोर अर्दान, त्याच्या शेजारी सेला. डोक्यावर मोगऱ्याच्या माळा, कपाळावर काळी नक्षी, गालांवर एवढा रंग की तिला स्वतःचे गाल सापडले नसते. वागिमानने हात पुढे केला. नखं कापलेली होती, पार मासापर्यंत. त्याने अर्दानचा हात धरला आणि म्हणाला. अहो, काय म्हणाला! एक अक्षर अडखळलं नाही. ठसका होता, पण मांडवातल्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. काझीने अर्दानच्या हाताला हलकेच हिसका दिला : आता तू.

अर्दानने छाती भरून श्वास घेतला.

“मारिसेला एका वुलानदारी बिंती वागिमान संडास हिच्याशी निकाह मला कबूल आहे, ठरलेल्या मेहेरसह!”

एका दमात. कुठेही न थांबता.

 आणि मागच्या टेबलावरून टोळी, सवयीने, बाकं बडवल्यासारखी ओरडली, “साऽऽह!”

मग जे हसू फुटलं म्हणता! बायकांनी ओढण्या तोंडात धरल्या, आचारी झाऱ्यासकट बाहेर आले, सेलाच्या सासऱ्याने चष्मा काढून डोळे पुसले. काझी दाढीत हसला आणि मग खाकरला. साक्षीदार हात हलवत होता, “नाही, नाही, साह नाही.” अर्दानचं तोंड लालबुंद झालं आणि मग त्यालाही हसू आवरेना. एकटा वागिमान सरळ बसला होता. त्याच्या हातात अजून अर्दानचा हात होता. त्याने लेकीकडे पाहिलं.

सेला हसत होती. तोंडावर हात, खांदे हलताहेत, डोळे मिटलेले, मोगऱ्याच्या माळा थरथरताहेत. तिला हसायचं नव्हतं, देवाशपथ नव्हतं. पण ते नाव कानावर पडलं की सगळ्यांच्या आधी हसायचं, हे तिचं अंग शिकून बसलं होतं. वागिमानने आपल्या लेकीला असं हसताना उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. तो बघत राहिला. हे आजचं नाही, हे मुरलेलं आहे, हे त्याला कळलं असणार. माणूस अडाणी होता, पण कुठली टाकी किती वर्षं साचलीय हे त्याला नुसतं झाकण उघडलं की कळायचं.

“पाक वागिमान, जरा थांबायचं का?” काझीने विचारलं.

“नको.”

त्याने सगळं वाक्य पुन्हा म्हटलं, पहिल्या वेळेसारखंच, एक अक्षर न चुकता. या वेळी काझीने कागदावर नाव लिहून अर्दानसमोर धरलं, आणि अर्दानने ते वाचून दाखवलं. साह. पक्कं झालं. दुआ झाली. फेब्रीच्या कॅमेऱ्यात सगळं आलं.

मग नवरा-नवरी थोरांच्या पाया पडली. सेलाने बापाच्या गुडघ्यांवर कपाळ टेकलं. कुणीतरी ध्वनिक्षेपक मध्ये धरला. वागिमानने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि अदबीच्या बोलीत म्हणाला, “आपला संसार सुखाचा व्हावा. आमच्याकडून काही उणं राहिलं असेल तर आपण पोटात घालावं.” सेलाला वाटलं, ध्वनिक्षेपक आहे म्हणून असं बोलतोय. पाहुण्यांना दाखवायला. बरं बोलला की!

विंडीने तो व्हिडिओ टाकला आणि तो अख्ख्या जावाभर फिरला. ओळखपाळख नसलेली माणसं वागिमानला फोन करून विचारायची, “वागिमान संडास ना?” तो म्हणायचा, “हो. पत्ता सांगा.” दवाखान्यातल्या मुली सेलाला म्हणाल्या, किती गोड! तुझे पप्पा किती गोड! सेला हसली. अर्दानच्या दुकानात गर्दी वाढली; त्याने एका कॉफीला ‘बिंती’ नाव दिलं आणि ती सगळ्यात जास्त खपली.

बापाला ती फोन करायची. तो उचलायचा. “आपण बरे आहात ना? यजमान बरे आहेत ना?” असं म्हणायचा आणि ठेवायचा. सेला अर्दानला म्हणायची, “बापाकला आजकाल काय झालंय, चेष्टा करतो माझी.” काय झालंय ते तिला पहिल्याच फोनला कळलं होतं. सुकीरकाका दाराशी रडतोय हे तिला दिसत होतं. पण माणूस कळलेलं न कळल्यासारखं किती दिवस ठेवू शकतो, ते सेलाकडून शिकावं.

ईद जवळ आली. ईदेला लेकरांनी आईबापांच्या गुडघ्यांवर डोकं टेकून वर्षभराची माफी मागायची, आणि तीही अदबीच्या बोलीत. सेलाने फोनवर कुणा मास्तरांचा व्हिडिओ शोधला. आरशासमोर बसून पाठ केलं, बाप गाडीत बसून करायचा तसं. ‘माझ्या हातून जे अपराध घडले, त्यांची आपण क्षमा करावी.’ एवढंच वाक्य. तिने ठरवलं होतं : हे एकदा बरोबर म्हणायचं, मग तो न्दुक म्हणेल. म्हणणारच. बापच आहे तो.

वागिमान दारातच उभा होता, नवी लुंगी, काळी टोपी. “यावं, यावं. वाटेत त्रास नाही ना झाला आपल्याला?” आत टेबलावर पाहुण्यांसाठीच्या बरण्या मांडलेल्या, झावळीच्या पुडीत शिजवलेला भात, म्हणजे केतुपात, आणि नारळाच्या रश्शातली कोंबडी झाकलेली. चहा आला तो पाहुण्यांच्या कपबशीत. सेलाचा लहानपणचा टवका उडालेला हिरवा मग फळीवर दिसत होता.

“बापाक, मला त्यात दे ना चहा.”

“छे छे. त्यात आपल्याला कसा द्यायचा?”

अर्दानने फोन काढला, पाया पडताना टिपायला. सेला गुडघ्यांवर बसली. बापाच्या गुडघ्यांना लिंबाच्या पानांचा वास येत होता. ते गुडघे कपाळाला लागले. पाठ केलेलं वाक्य जिभेवर आलं आणि जिभेवरच उलटलं.

“आपल्या हातून जे अपराध घडले,” ती अदबीच्या बोलीत म्हणाली, “त्यांची मी क्षमा करावी.”

म्हणून गेल्यावर तिला कळलं. मान पुन्हा स्वतःला! माफी मागायला आली आणि माफ करून बसली. ती तशीच वाकून राहिली, श्वास रोखून. तिला हवंच होतं ते हसणं. आता हसेल. आता पोट धरून हसेल आणि म्हणेल, अगं न्दुक, राणी झालीस काय? म्हण परत.

वागिमान हसला नाही. त्याने तिच्या डोक्यावर अलगद हात ठेवला, केस विस्कटू नयेत अशा बेताने.

“मोठ्या मनाने क्षमा केलीत,” तो म्हणाला. “आभारी आहे.”

चूक त्याने सुधारली नाही. परक्याची बोली कोण सुधारायला जातं?

“बापाक,” सेला घरच्या बोलीत म्हणाली, गुडघ्यातच तोंड खुपसून, “मला एकदा अगं म्हण ना.”

“असं कसं? आपण मोठ्या घरच्या,” वागिमान म्हणाला. “चहा घ्यावा. निवतोय.”

परतताना मोटार अर्दान चालवत होता. बाहेर एकामागून एक खांब जात होते, पिवळे कागद, काळी अक्षरं. सेलाने डोळे मिटले तरी तिला ती वाचता येत होती.

“काय सुरेख बोलतात गं पप्पा तुझ्याशी!” अर्दान म्हणाला. “मला एक शब्द कळला नाही, पण किती आदर! नाहीतर आमचे पप्पा बघ. एवढा घोडा झालो, लग्न झालं, तरी अजून मला ‘ए गाढवा’ म्हणून हाक मारतात.”

सेलाने तोंडावर हात ठेवला. तिचे खांदे हलायला लागले. अर्दानला वाटलं, ती हसतेय.